थेंबेने सोडलेली जागा

आमच्या रसायनशास्त्राच्या इमारतीत एके काळी एक कुजबुज फार जोरात होती. थेंबेने म्हणे हातातोंडाशी आलेली जागा मावसबहिणीसाठी सोडली. आणि तीही गुपचूप! जेवणाच्या सुट्टीत आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने बहिणीच्या फ्लास्कमध्ये स्वतःच्या हाताने स्फटिक आणून दिले आणि आपण बाजूला झाली. ऐकणाऱ्या बायका डोळे टिपायच्या. पुरुष मंडळी "काय सांगता!" म्हणून चहाचा आणखी एक घोट घ्यायची.

ही कुजबुज पसरवणारा पहिला माणूस मीच. दुसऱ्या कोणी तुम्हाला सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. त्या इमारतीचं स्टोअर माझ्याकडे होतं. प्रयोगशाळेच्या भिंतीत एक खिडकी, खिडकीच्या आत मी, माझ्यामागे बीकर, फ्लास्क, थर्मामीटर आणि बाटल्यांच्या रांगा. मुलं येणार, "मामा, दोनशे पन्नासचा बीकर द्या" म्हणणार, मी देणार. देता देता कोणाचं कोणाशी जमलंय, कोणाचं बिनसलंय, कोणाचे डोळे रडून सुजलेत आणि कोणाचे जागून, ते सगळं मला फुकटात दिसायचं. दिसलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय, पोटाला ताण देऊ नका.

थेंबे हे तिचं आडनाव नव्हे. ते तिला पहिल्या वर्षाच्या दुसऱ्याच आठवड्यात चिकटलं. मुलांना तेव्हा टायट्रेशन शिकवत होते. वर उभी काचेची नळी, तिला खाली तोटी. तोटीतून द्रावण खालच्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब सोडायचं आणि रंग बदलला की थांबायचं. इतकंच. पण ही बाई अर्ध्या थेंबावर थांबायची. तोटीच्या टोकाला अर्धा थेंब लोंबकळत ठेवायचा, मग पाण्याच्या बारीक धारेने तो धुऊन फ्लास्कमध्ये उतरवायचा, मग फ्लास्क पांढऱ्या कागदावर धरून डोळे बारीक करून बघायचं. बाकीचे नळीवरच्या आकड्याची तीन-तीन वाचनं उरकून बाहेर चहा पीत उभे, आणि ही अजून पहिल्याच वाचनात. वर्गातला एक वात्रट म्हणाला, "हिचं आडनाव थेंबे असणार." झालं. वर्षअखेरीला मास्तरसुद्धा हजेरी घेताना गोंधळायचे.

तिचे वडील शिंपी. शिंप्याच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण मापात अर्ध्या दोऱ्याचा फरक तिला चालायचा नाही. हा गुण म्हणावा की दुखणं, ते मला आजही ठरवता येत नाही.

आणि तिच्या शेजारच्या टेबलावर होती तिची सख्खी मावसबहीण. थेंबेपेक्षा चार महिन्यांनी लहान. तिला सगळे झटपट म्हणायचे. झटपट उशिरा यायची, तोटी सरळ पूर्ण उघडायची, मान मागे वळवून कोणाशी तरी काल पाहिलेल्या सिनेमावर बोलायची आणि बोलता बोलताच तोटी बंद करायची. वाचन बरोबर! अगदी मास्तरांच्या वहीतलं.

"कसं गं जमतं तुला?" थेंबे विचारायची.

"हाताला कळतं गं ताई."

त्या 'ताई'ने थेंबेच्या अंगाचा तीळपापड व्हायचा. चार महिन्यांची ताई! बरोबरीने वाढलेल्या, एकाच वर्गात बसलेल्या मुलीने ताई म्हणायचं, तेही सगळ्यांसमोर, हसून. चिडता पण येत नाही. मान दिल्याबद्दल चिडणार कसं?

या जळण्याची मुळं जुनी होती. दोघींच्या आया सख्ख्या बहिणी, एकाच इमारतीत वर-खाली राहायच्या. थोरली शिंप्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. धाकटी चष्मेवाल्याच्या घरात, दुसऱ्यावर. जिना एकच. जिन्यात दोघी भेटल्या की मुलींचे दात, उंची, मार्क, सर्दी, सगळ्याची तुलना. एकीला दात आठव्या महिन्यात आला, दुसरीला सहाव्यात. "आमचीला तर काही दुखलंसुद्धा नाही हो आक्का," असं चष्मेवाल्याची बायको म्हणायची. वर येऊन थोरली लेकीला म्हणायची, "ऐकलंस? तिला दुखलंसुद्धा नाही." जणू हिने मुद्दाम दुखवून घेतलं होतं.

थेंबेचं जळणं मोठं बारीक होतं, तिच्या थेंबांसारखंच. एकदा खिडकीशी येऊन म्हणाली, "मामा, तिला कोणता बीकर दिलात?"

"तुला दिला तोच. एकाच खोक्यातला."

"मग तिचा चकचकीत का दिसतो?"

मी म्हटलं, "तिने धुतला असेल." तर दुसऱ्या दिवशी आपला बीकर चौथ्यांदा धुताना दिसली.

पांढऱ्या कोटाचं तर मी किती जणांना सांगितलंय. झटपटचा कोट दुकानातून विकत आणलेला, खांद्यावर फुगलेला. थेंबेला वडिलांनी स्वतः शिवून दिला होता. खिशाला झाकण, पेनाला वेगळी पट्टी, पाठीला बेतशीर चुण्या. पहिल्यांदा कुठेतरी हिचं पारडं जड झालं. आठवडाभर ही सगळ्यांच्या पुढे पुढे उभी राहायची, पाठ दाखवून. मग झटपट एका संध्याकाळी वर गेली आणि म्हणाली, "काका, मला पण असाच शिवून द्या ना!" काकांना काय, भाचीने कौतुक केल्यावर माणूस पाघळणारच. रात्रीचं जेवण व्हायच्या आत कोट तयार. आणि दुसऱ्या दिवशी तो तिला हिच्यापेक्षा छान दिसला. उंच होती ना ती. थेंबे त्या दिवशी माझ्याकडून थर्मामीटर घ्यायला आली, तो न घेताच परत गेली.

दुसऱ्या वर्षी झटपट तीन आठवडे आजारी पडली. थेंबेने आपल्या वह्या खाली पोचवल्या. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून. मला वाटलं, चला, सुटलं म्हणायचं. निकालात झटपटला हिच्यापेक्षा दोन मार्क जास्त. थेंबे खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून म्हणाली, "माझ्याच अक्षरातून पाठ केलं तिने, मामा. माझ्या लाल पेनच्या रेघांसकट."

"मग तुझीच वही चांगली म्हणायची."

"वहीला मार्क नसतात," ती म्हणाली.

तिसऱ्या वर्षी जागेचा प्रश्न आला, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

आमच्या विभागातून दरवर्षी एका मुलाला किंवा मुलीला एका मोठ्या संशोधन संस्थेत पाठवायचे. सहा महिने प्रशिक्षण, मग तिथेच साहाय्यकाचं काम आणि काम करता करता पुढचं शिक्षण. एकच जागा. ठरवणार आमच्या विभागप्रमुख मॅडम. मॅडम काटक, चष्मा दोरीने गळ्यात लोंबणारा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांचा एकच प्रश्न: "मेल्टिंग पॉइंट किती?" पदार्थ शुद्ध असेल तर तो एका ठरावीक तापमानाला टक्कन वितळतो. भेसळ असेल तर आधीच घामेजायला लागतो. मॅडम माणसांनाही तीच कसोटी लावतात असं मुलं म्हणायची. मी काही म्हणत नाही, त्यांनी माझी रजा कधी अडवली नाही.

त्या वर्षी स्पर्धेत दोघीच उरल्या. आता फरक बघा. झटपटला ती जागा मिळाली नसती तरी चष्मेवाला तिला पुढे शिकवणारच होता. शिंप्याच्या घरात तसं नव्हतं. पाठची दोन भावंडं शाळेत होती, आणि वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं, "जागा मिळाली तर शिक. नाही मिळाली तर जिथे मिळेल तिथे नोकरी धर." म्हणजे ही जागा एकीला हवी होती आणि दुसरीला आवडली असती.

मॅडमनी दोघींना बोलावून सांगितलं, "दोघींना एकच पदार्थ बनवायला देतेय. वेगवेगळे दिले तर अवघड कोणाला आलं म्हणून भांडाल. महिनाभर वेळ आहे. शेवटच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता मला टेबलावर दोन ग्रॅम शुद्ध स्फटिक हवेत. समजलं?"

"हो मॅडम," दोघी म्हणाल्या. एक हसून, एक वहीत लिहून.

पदार्थ मोठा हट्टी निघाला. सगळ्या पायऱ्या पार करून शेवटी फ्लास्कमध्ये स्फटिक दिसायला हवेत, तर तिथे नुसतं तेल. मधासारखं घट्ट, पिवळट, ढिम्म. कधी कधी पदार्थ असे रुसतात. मग पोरं त्यांची मनधरणी करतात. बर्फात ठेव, कोमट कर, परत बर्फात ठेव, काचकांडीने फ्लास्कच्या आतली भिंत खरवड. खरवडल्यावर काचेवर बारीक ओरखडे पडतात आणि स्फटिकाला बसायला जागा मिळते म्हणतात. पहिला कण एकदा जमला की बाकीचे त्याला धरून रांगेने बसतात. आधीचा एखादा तयार कण हाताशी असेल तर खरवडायचीही गरज नाही, तो कण टाकला की काम फत्ते. पण तो पहिला कण आणायचा कुठून? एक पोरगा फ्लास्कला शिव्या द्यायचा, एक पोरगी गाणं म्हणायची. मी दोघांचेही निकाल पाहिलेत, सारखेच.

थेंबे अकरा दिवस त्या तेलाशी बसून होती. सकाळी सगळ्यांच्या आधी, संध्याकाळी दिवे घालवेपर्यंत. बाराव्या दिवशी सकाळी फ्लास्क ओंजळीत धरून खिडकीशी आली.

"मामा, बघा."

आत पांढऱ्या सुया. बारीक, लखलखीत, एकीला एक चिकटलेल्या. थेंबेला मी दात दिसेपर्यंत हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"अगं खाली ठेव, सांडशील."

तिने ठेवला. मग मागे वळून बघितलं आणि हळूच विचारलं, "तिचं अजून तेलच आहे ना?"

"तेलच."

"सगळं?"

"सगळंच्या सगळं."

तिने असा श्वास सोडला, की काय सांगू. स्फटिक आल्यावरसुद्धा तो श्वास अडकूनच होता.

आता शहाण्या माणसाने इथे थांबावं. स्फटिक गाळावेत, वाळवावेत, वजन करावं, कुलपात ठेवावं. पण थेंबेने मेल्टिंग पॉइंट पाहिला, तर पदार्थ दोन अंशांच्या पट्ट्यात वितळला. एका अंशात वितळायला हवा. मग तिने सगळं परत विरघळवलं आणि परत स्फटिक आणले. असं केलं की मळ मागे पाण्यात राहतो आणि पदार्थ आणखी शुद्ध होतो. पण दरवेळी थोडा मालही त्या पाण्याबरोबर जातो. दुसऱ्यांदा एका अंशावर आलं. तिसऱ्यांदा अर्ध्यावर. मी म्हटलं, "बास की गं आता." ती म्हणाली, "तिचं जमलं तर ती हाताला कळतं म्हणून एकदम अर्ध्या अंशाचं आणेल. मग?" आणि चौथ्यांदा केलं. आणि पाचव्यांदा.

गुरुवारी सकाळी मॅडम फेरीला आल्या. थेंबेची बाटली त्यांनी उजेडात धरली, हलवली, वहीतला आकडा वाचला.

"सुंदर. इतका स्वच्छ नमुना मी या वर्गात पाहिला नाही." थेंबेचे कान लाल झाले. "पण हे किती आहे?"

"शून्य पॉइंट सहा ग्रॅम, मॅडम."

"मी दोन सांगितले होते."

"शुद्ध करताना गेलं, मॅडम."

"गेलं नाही, तू घालवलंस." मॅडम शेजारच्या टेबलाकडे वळल्या. झटपटचा फ्लास्क उचलला. तेल अजून तसंच होतं, पण चांगलं अर्धा फ्लास्क. "हिच्याकडे बघ. दहा ग्रॅम तरी माल आहे. उद्या चारपर्यंत याचे स्फटिक झाले तर जागा हिची. नाही झाले तर तुझी, कमी असलं तरी."

मॅडम गेल्या. झटपटने कोट काढून खुर्चीवर टाकला, तोच, काकांनी शिवलेला.

"चल ताई, जेवायला."

"तू जा. तुझं हे... असंच उघडं ठेवणार?"

"बसेल गं बसायचं तेव्हा. आणि नाही बसलं तर जागा तुला. घरातच राहील!" झटपट हसली आणि निघून गेली.

घरातच राहील. जणू दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर वाटी पाठवायची होती.

प्रयोगशाळा रिकामी झाली. मी खिडकीचा पडदा अर्धा ओढून डबा उघडला होता. अर्धाच, कारण जेवतानाही माणसाला जगाची खबर हवी. थेंबे आपल्या टेबलाशी उभी होती. समोर तिचे कालचे बीकर, त्यांत स्फटिक गाळल्यावर उरलेलं पाणी, पाण्यात बुडालेली काचकांडी. मग कांडी उचलून ती बहिणीच्या टेबलाशी गेली. दाराकडे पाहिलं. कांडी फ्लास्कमध्ये घातली आणि ढवळली, भिंतीला टेकवून. किर्र असा आवाज आला. मला इथपर्यंत ऐकू आला.

मग ती मागे सरकली. मी डबा तसाच ठेवून बाहेर आलो, कारण तिचा चेहरा बघून मला वाटलं, फ्लास्क फुटला.

फुटला नव्हता. कांडी जिथे टेकली होती तिथे एक पांढरा ठिपका होता. आमच्या देखत तो वाढत गेला. त्याला फाटे फुटले, फाट्यांना आणखी फाटे, आणि बघता बघता सगळं तेल आतून पांढरं होत, घट्ट होत गेलं. मी तीस वर्षं त्या इमारतीत काढली, पण इतका माल इतक्या वेगाने बसलेला कधी पाहिला नाही. थेंबेने फ्लास्कला हात लावला आणि झटक्यात काढला. गरम झाला होता. स्फटिक घाईने बसले की गरम होतात.

"अगं, हे काय केलंस!" मी म्हणालो. "उद्या जागा तुझी होती ना! नुसतं गप्प बसली असतीस तरी तुझी होती!"

तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मामा, कोणाला सांगू नका."

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्याला असं म्हणायचं असतं का? मला तर भरून आलं होतं. जिच्याकडे जगातले ते एकमेव स्फटिक होते, तिने त्यातला कण नेऊन बहिणीच्या फ्लास्कमध्ये टाकला! जेवणाची सुट्टी संपायच्या आत मी शिपायाला सांगितलं. शिपायाने ऑफिसला सांगितलं. झटपट जेवून आली, फ्लास्क बघून "ताई, बसलं!" म्हणून किंचाळली आणि थेंबेच्या गळ्यात पडली. थेंबे खांबासारखी उभी. आणि चार वाजेपर्यंत झटपटच्या कानावरही गोष्ट गेली.

झटपट मनाने वाईट नव्हती. तिने रडून घेतलं आणि थेंबेला हाताला धरून सरळ मॅडमच्या खोलीत नेलं. मी कसल्याशा बाटल्या पोचवायला मागोमाग. बाटल्या रिकाम्या होत्या, पण ते कोणी विचारलं नाही.

"मॅडम, जागा हिची आहे. माझं हिने बसवून दिलं."

मॅडमनी चष्मा लावला. "तू केलंस हे?"

"हो," थेंबे म्हणाली.

"का?"

मॅडमनी वाट पाहिली. त्या वाट बघण्यात बोलायला भरपूर जागा होती. थेंबेने बोटाने कोटाच्या खिशाचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या, जरा मऊ आवाजात. "पहिला कण कोणी टाकला याचे मार्क नसतात. माल कोणी बनवला याचे असतात. उद्या चार वाजता वजन करू."

शुक्रवारी चार वाजता झटपटचे साडेसात ग्रॅम भरले. एका अंशाच्या आत वितळले. जागा तिची झाली.

पुढे झटपट संस्थेत गेली, तिथून आणखी कुठे कुठे गेली, मोठी झाली. आणि थेंबे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत लागली. एकतीस वर्षं पाणी तपासलं. रोज सकाळी वेगवेगळ्या भागांतून बाटल्या यायच्या आणि ही थेंब थेंब टाकून क्लोरीन किती, क्षार किती ते बघायची. तुमच्या-आमच्या घरात जे पाणी आलं ते तिच्या हाताखालून गेलेलं. त्या एकतीस वर्षांत तिच्या अहवालात एक चूक निघाली नाही. पण त्याबद्दल कोणी तिला कधी काही म्हटलं नाही. म्हणायचे ते एकच.

मावशी जिन्यात म्हणायची, "आमची भाची म्हणजे सोनं. दुसरी असती तर दिलं असतं का?" आई चारचौघांत मान ताठ करायची आणि घरात दार लावून म्हणायची, "मूर्ख कुठली! मी तुला इतकं चांगलं कधी वाढवलं?" लग्नाचं बघायला लागले तेव्हा एका शाळामास्तरांनी ऐकलं की मुलगी मोठ्या मनाची आहे, म्हणून त्यांनी दुसरं काही न बघता होकार दिला. चांगला माणूस. भांडण झालं की म्हणायचा, "तू तर इतकी मोठ्या मनाची, मग माझ्या बहिणीला चार दिवस ठेवून घ्यायला काय होतं?" आणि तिला ठेवून घ्यावी लागायची. नणंद चार दिवसांचे चौदा करून जायची.

आणि जळणं? ते कुठे गेलं होतं! मला बाजारात भेटली की पहिल्यांदा "कसे आहात मामा", आणि दुसऱ्याच वाक्याला, "तिचा फोटो पाहिलात पेपरात? जाड झालीय." झटपटचे केस पिकले तेव्हा थेंबे आठवडाभर खुशीत होती, असं तिच्या नवऱ्याकडूनच मला कळलं. मग झटपटने केस काळे केले. तो महिना त्या घरात जड गेला म्हणे. झटपटने लेख लिहिला की ही तो मिळवून वाचायची, पेन्सिल घेऊन. एकदा एका आकड्यात चूक सापडली. पत्र लिहायला घेतलं. पण मोठ्या मनाच्या बाईने असं पत्र कसं पाठवायचं? फाडून टाकलं.

गेल्या वर्षी विभागाने झटपटचा सत्कार ठेवला. जुनी माणसं म्हणून मलाही बोलावणं. सभागृह भरलेलं. थेंबे नवऱ्याबरोबर तिसऱ्या रांगेत. झटपट भाषणाला उभी राहिली, आणि दोन मिनिटांत आलीच त्या फ्लास्कवर.

"माझ्या आयुष्यातला पहिला स्फटिक माझ्या ताईने दिला," ती म्हणाली. "तिची जागा होती ती. ती इथे बसलीय. ताई, उभी राहा ना."

सगळ्यांनी माना वळवल्या. थेंबे उभी राहिली. टाळ्या थांबेनात. ती त्या टाळ्यांत अशी उभी होती, जणू कोणी भर चौकात तिचं नाव पुकारलंय आणि पळायला गल्ली नाही.

चहाच्या वेळी ती माझ्या शेजारी येऊन बसली. कपातला चहा तसाच.

"मामा, तुम्हीच पसरवलं होतं ना हे?"

"मीच." आता या वयात काय लपवायचं.

"मी सांगू नका म्हटलं होतं."

"म्हणून तर सांगितलं."

ती हसली. पुन्हा दात दिसले, पण तसे नाहीत. पलीकडे झटपट पोराटोरांच्या घोळक्यात उभी होती. थेंबे तिच्याकडे बघत होती. "साडी बघितलीत? या रंगाची तिला शोभत नाही." मग म्हणाली, "रोज वाटतं, सांगून टाकावं. पण सांगितलं तर माझ्याकडे राहतं काय? जागा तर तिने नेली. निदान हे तरी माझं आहे, असं वाटायचं. आज उभं राहावं लागलं तेव्हा कळलं, हेसुद्धा तीच वाटतेय. पुढच्या वेळी कुठे दुसरीकडे सांगेल, टाळ्या तिलाच."

"सांगून टाकावं म्हणजे काय? काय सांगायचं राहिलंय?"

तिने सांगितलं. चहा निवला होता तो तिने एका घोटात पिऊन टाकला.

"नवऱ्याला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"आज घरी जाऊन सांगणार. तिला मी नाही सांगणार. माझ्याने होणार नाही. तुम्ही सांगाल सगळ्यांना?"

"माझा स्वभाव तुला माहीत आहे."

"म्हणूनच तुमच्याकडे आले," ती म्हणाली आणि पर्स उचलून गेली.

तर खरं एवढंच आहे. थेंबेने त्या दुपारी बहिणीला काही दिलं नव्हतं. शुक्रवारी चारपर्यंत बहिणीचं तेल ऐनवेळी बसेल या धास्तीने ती फ्लास्क नासवायला गेली होती. आपले स्फटिक काढून घेतल्यावर उरलेल्या मळक्या पाण्यातली कांडी तिने न धुता आत घातली. त्या पाण्यात मळ होता हे तिच्या लक्षात होतं. तिच्याच पदार्थाचे बारीक कणही होते, ते ती विसरली.